गेम अडखळू नये आणि लॅपटॉपही तापू नये: पहिला गेम लूप लिहिणाऱ्यांसाठी

पायगेम, एसडीएल किंवा रेलिब यांपैकी एखादी लायब्ररी घेऊन पहिला टूडी गेम लिहिला की दोनपैकी एक तक्रार हमखास येते. एक तर पडद्यावरची वस्तू सरळ सरकत नाही, मधेच अडखळते. नाहीतर गेम झकास चालतो, पण लॅपटॉपचा पंखा सुटतो आणि बॅटरी बघता बघता उतरते. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: एका फ्रेमचं, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्राचं, काम संपल्यावर पुढची फ्रेम सुरू होईपर्यंतचा वेळ तुमचा प्रोग्रॅम कसा घालवतो.

सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या तर एका फ्रेमच्या वाट्याला १६.६७ मिलिसेकंद येतात. ३० फ्रेमला ३३.३३, १२० ला ८.३३, १४४ ला ६.९४. साध्या टूडी गेमचं काम तीन-चार मिलिसेकंदांत उरकतं. उरलेल्या बारा-तेरा मिलिसेकंदांत काहीच करायचं नसतं, आणि नेमकं तेच जमवणं कठीण आहे.

उदाहरणाला यंत्रमागाचा गेम घेऊ. माग कसा चालतो हे सोलापूरकरांना सांगायला नको: ताण्याच्या दोऱ्यांमधून धोटा डावीकडून उजवीकडे जातो आणि परत येतो. १९२० पिक्सेल रुंद पडद्यावर धोटा दोन सेकंदांत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायचा, म्हणजे सेकंदाला ९६० पिक्सेल, ६० फ्रेमला दर फ्रेमला बरोबर १६ पिक्सेल. एक फ्रेम हुकली की १६ ऐवजी ३२ पिक्सेलची उडी दिसते. उड्या मारणाऱ्या हिरोपेक्षा अशी एकाच वेगाने आडवी जाणारी वस्तू चाचणीसाठी कितीतरी बरी, कारण तिच्यातला झटका लपत नाही. गेम कुठलाही असो, अशी एक चाचणीची पट्टी त्यात कायम ठेवा आणि एखाद्या बटणाने चालू-बंद करा.

पायरी १: आधी मोजा

घड्याळ योग्य निवडा. विंडोजवर क्वेरीपरफॉर्मन्सकाउंटर, लिनक्सवर क्लॉक_मोनोटोनिक, एसडीएलमध्ये परफॉर्मन्स काउंटर, पायथनमध्ये परफ_काउंटर. भिंतीवरच्या घड्याळासारखी तारीख-वेळ देणारी फंक्शनं वापरू नका. इंटरनेटवरून वेळ जुळवली गेली की ती मागे-पुढे सरकतात आणि एखाद्या फ्रेमचा काळ चक्क उणे येतो. विंडोजचं जुनं गेटटिककाउंटही नको. त्याची पायरीच १० ते १६ मिलिसेकंदांची आहे, म्हणजे जे मोजायचं त्याच्याएवढी मोजपट्टी.

वेळ ६४ बिटच्या पूर्णांकात साठवा, नॅनोसेकंद किंवा काउंटरचे टिक म्हणून. 'गेम सुरू होऊन झालेले सेकंद' ३२ बिट फ्लोटमध्ये ठेवण्याची सवय महागात पडते. ४०९६ सेकंद, म्हणजे सव्वा तासाच्या आत-बाहेर, त्या फ्लोटची सर्वांत लहान पायरी जवळजवळ अर्धा मिलिसेकंद होते. ३२,७६८ सेकंदांनंतर, म्हणजे नऊ तासांनी, ती ३.९ मिलिसेकंदांवर जाते. दुकानात किंवा प्रदर्शनात दिवसभर चालू ठेवलेला गेम संध्याकाळी थरथरायला लागतो तो यामुळेच. दोन फ्रेममधला फरक फ्लोटमध्ये ठेवला तर चालतो, एकूण वेळ नाही.

दर फ्रेमचा काळ हजारभर जागांच्या अ‍ॅरेमध्ये लिहीत जा आणि गेम बंद होताना फाईलमध्ये उतरवा. लूपच्या आत प्रिंट करू नका. विंडोजच्या कन्सोलवर एक ओळ छापायलाही इतका वेळ जाऊ शकतो की तुम्ही तुमच्या प्रिंटचंच मोजमाप घेत बसाल. मग हे आकडे चढत्या क्रमाने लावून तीन बघा: मधला, ९९ टक्क्यांवरचा आणि सर्वांत मोठा.

सरासरी एफपीएसवर (सेकंदाला पडलेल्या फ्रेमवर) विसंबू नका. ५९ फ्रेम १५ मिलिसेकंदांच्या आणि एक ११५ ची, बेरीज बरोबर १००० मिलिसेकंद. कोपऱ्यातला आकडा ६० दाखवेल आणि दर सेकंदाला धोटा एकदा ठेचकाळेल.

प्रोसेसरचा वापर बघतानाही एक फसगत होते. टास्क मॅनेजर सगळ्या लॉजिकल प्रोसेसरची बेरीज १०० धरतो. चार कोअर, आठ थ्रेडच्या लॅपटॉपवर तुमच्या गेमपुढे १२.५ टक्के दिसले तर 'कमीच आहे की' म्हणून सोडून देऊ नका. एक थ्रेड (प्रोग्रॅममधली कामाची एक साखळी) क्षणाचीही उसंत न घेता पळतोय असा त्याचा अर्थ. चार लॉजिकल प्रोसेसरच्या जुन्या मशीनवर तोच आकडा २५ दिसेल. लिनक्सच्या टॉपमध्ये मात्र एका थ्रेडचे १०० धरतात.

पायरी २: उघडा लूप चालवून बघा

इनपुट वाच, अपडेट कर, चित्र काढ, पुन्हा पहिल्यापासून. मधे कुठेही थांबायचं नाही. हा लूप मुद्दाम एकदा चालवा, कारण मशीनची कमाल मर्यादा यातूनच कळते. कामाला ४ मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदाला अडीचशे फ्रेम पडतील, एक थ्रेड पूर्ण भरेल, आणि पडदा ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) असेल तर त्यातल्या १९० फ्रेम कुणालाच धड दिसणार नाहीत.

अपडेटमध्ये 'दर फ्रेमला १६ पिक्सेल पुढे' असं लिहिलं असेल तर धोटा चौपट वेगाने पळेल. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये शत्रू मरत गेले की उरलेले जोरात सरकू लागतात, तेही प्रोसेसरला कमी आकृत्या हाताळाव्या लागल्यामुळे. तिथे तो प्रकार खेळाला फळला. आपल्याकडे वेग सेकंदाच्या हिशेबात लिहायचा: सेकंदाला ९६० पिक्सेल, गुणिले मागच्या फ्रेमचा काळ. ही पहिली दुरुस्ती. ती पुरेशी का नाही, ते पायरी ५ मध्ये.

पायरी ३: झोप, पण मुदत ठरवून

साहजिक पुढचं पाऊल म्हणजे उरलेला वेळ स्लीप करणं. ४ मिलिसेकंद काम झालं, १२ उरले, म्हणून स्लीप(१२). विंडोजवर इथेच पहिली ठेच लागते. विंडोजचं टायमर मुळात सेकंदाला ६४ वेळा वाजतं, म्हणजे दर १५.६ मिलिसेकंदांनी, आणि झोपलेल्या थ्रेडला जाग या ठोक्यावरच येते. त्यामुळे तुमची फ्रेम कधी १५.६ ची होते, कधी एक ठोका हुकून ३१.२ ची. कोडमध्ये काहीही न बदलता एफपीएस ६४ आणि ३२ च्या मधे हेलकावे खात असेल तर दुसरं कारण शोधू नका.

उपाय: गेम सुरू होताना टाइमबिगिनपीरियड(१) बोलवा, म्हणजे ठोका एका मिलिसेकंदाचा होतो, आणि बंद होताना टाइमएंडपीरियड(१) विसरू नका. एसडीएल-२ हे काम आपणहून करतं. विंडोज १० च्या २००४ आवृत्तीपासून (हा आवृत्तीचा क्रमांक, साल नव्हे) ही विनंती फक्त मागणाऱ्या प्रोग्रॅमपुरती लागू होते. ब्राउझर उघडा असला की गेम नीट चालतो आणि बंद केला की अडखळतो, हा जुना गमतीदार प्रकार त्यामुळे संपला. पण दुसऱ्याच्या विनंतीवर फुकट चालणारे गेम त्याच दिवशी उघडे पडले. विंडोज ११ वर खिडकी मिनिमाइझ किंवा पूर्ण झाकलेली असेल तर ही विनंती पाळली जाईलच असं नाही.

विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून उच्च अचूकतेचा वेटेबल टायमरही मिळतो. नवा कोड सी किंवा सी++ मध्ये लिहीत असाल तर तोच वापरा. पायथन ३.११ पासून टाइम.स्लीप विंडोजवर आतून हाच टायमर वापरतो, तेव्हा जुन्या पायथनवर अडखळणारा प्रोग्रॅम नुसत्या नव्या आवृत्तीवर सुधारला तर नवल वाटून घेऊ नका. लिनक्सवर परिस्थिती मुळातच बरी आहे: साध्या प्रोग्रॅमला कर्नल ५० मायक्रोसेकंदांची ढील देतं, बाकी जाग जवळपास वेळेवर येते.

आता दुसरी ठेच, आणि ही विंडोजची नाही, आपलीच. 'किती वेळ झोपायचं' हे दर फ्रेमला नव्याने काढलं तर प्रत्येक फ्रेमची छोटी चूक पुढच्या फ्रेममध्ये साठत जाते. त्याऐवजी 'कधी उठायचं' हे ठरवा. पुढची मुदत ही मागच्या मुदतीत एक फ्रेम मिळवून काढायची, आत्ताच्या वेळेत मिळवून नाही.

```
फ्रेम_काळ = १,६६,६६,६६७ नॅनोसेकंद
मुदत = आत्ता() + फ्रेम_काळ

गेम चालू असेपर्यंत:
    इनपुट_वाच()
    अपडेट()
    चित्र_काढ()
    मुदतीपर्यंत_थांब(मुदत)
    मुदत = मुदत + फ्रेम_काळ
    जर आत्ता() > मुदत + ४ × फ्रेम_काळ:
        मुदत = आत्ता() + फ्रेम_काळ
```

शेवटच्या दोन ओळी गाळू नका. त्या नसतील तर विंडोजवर लॅपटॉपचं झाकण लावून तासाभराने उघडल्यावर मुदत तासभर मागे राहिलेली असते, आणि ती गाठेपर्यंत गेम जराही न थांबता फ्रेम काढत सुटतो.

फ्रेम_काळ नॅनोसेकंदांत का, मिलिसेकंदांत का नाही? १६ घेतले तर ६२.५ फ्रेम पडतात, १७ घेतले तर ५८.८. ६० हर्ट्झच्या पडद्यावर पहिल्यात सेकंदाला अडीच फ्रेम वाया जातात, दुसऱ्यात सेकंदाला एकाहून थोडी जास्त फ्रेम दोनदा दिसते. धोट्याकडे बघत बसलात तर दोन्ही झटके मोजता येतात. पायगेमचं क्लॉक.टिक(६०) आतून १६ पूर्ण मिलिसेकंद धरतं, म्हणून तिथे एफपीएस ६२.५ च्या आसपास दिसतो. तुमचं गणित चुकलेलं नाही.

पायरी ४: शेवटचा तुकडा जागून काढा

एक मिलिसेकंदाचा ठोका असला तरी स्लीप(१) कधी १.१ घेतो, कधी २ च्या जवळ जातो. पूर्ण वेळ झोपलात तर उशीर; अजिबात झोपला नाहीत तर पंखा. मधला मार्ग असा की मुदतीच्या थोडं आधीपर्यंत एकेका मिलिसेकंदाची डुलकी घ्यायची आणि शेवटचा तुकडा स्पिन करायचा, म्हणजे न झोपता पुन्हा पुन्हा घड्याळ बघत काढायचा.

```
मुदतीपर्यंत_थांब(मुदत):
    जोवर मुदत − आत्ता() > राखीव:
        आधी = आत्ता()
        स्लीप(१ मिलिसेकंद)
        लागला = आत्ता() − आधी
        राखीव = मोठा(राखीव × ०.९९९, लागला)
        राखीव = लहान(राखीव, ४ मिलिसेकंद)
    जोवर आत्ता() < मुदत:
        पॉज()
```

राखीव सुरुवातीला २ मिलिसेकंद ठेवा. डुलकी लांबली की तो लगेच वाढतो; मशीन शांत असेल तर ०.९९९ मुळे सावकाश खाली येतो. ६० फ्रेमवर दर फ्रेमला दहाएक डुलक्या धरल्या तर साधारण दीड-दोन सेकंदांची आठवण त्याला राहते, ती पुरेशी आहे. ४ मिलिसेकंदांची वरची मर्यादा यासाठी की अँटिव्हायरसने एकदा २० मिलिसेकंद अडवलं म्हणून पुढच्या सगळ्या फ्रेम जागून काढायच्या नाहीत.

हिशेब करून बघा. काम ४ मिलिसेकंद, म्हणजे एका थ्रेडचे २४ टक्के. स्पिन जास्तीत जास्त २ मिलिसेकंद, म्हणजे १२ टक्के. एकूण ३६ च्या आत. सगळा वेळ स्पिन केला असता तर १००. फ्रेमच्या वेळेतली चूक दोन्हीकडे मायक्रोसेकंदांतच राहते, तेव्हा उरलेले ६४ टक्के निव्वळ उष्णता म्हणून जात होते.

स्पिनच्या आतलं पॉज म्हणजे एक्स८६ प्रोसेसरची त्याच नावाची सूचना. ती त्याच कोअरवरच्या दुसऱ्या थ्रेडला (हायपरथ्रेडला) वाट देते आणि वीजही थोडी वाचवते. इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरपासून पुढे एका पॉजला १४० च्या आसपास सायकल लागतात. ३ गिगाहर्ट्झवर हे ०.०५ मायक्रोसेकंदांहून कमी, त्यामुळे अचूकतेला धक्का नाही. पॉजऐवजी स्लीप(०) किंवा यील्ड टाकून 'प्रोसेसर मोकळा केला' असं समजणारे बरेच असतात. दुसरा कुणी रांगेत नसेल तर ते दोन्ही ताबडतोब परततात आणि थ्रेड पूर्ण भरलेलाच राहतो.

राखीवचा आकडा छापून बघायला हरकत नाही, अर्थात लूपच्या बाहेर. चांगल्या मशीनवर तो १ ते २ च्या मधे स्थिरावतो. सतत ४ ला चिकटलेला असेल तर टाइमबिगिनपीरियड लागूच झालेलं नाही, असं बहुतेक वेळा निघतं.

पायरी ५: अपडेट ठरावीक ठोक्याने, चित्र जमेल तेव्हा

वेग गुणिले फ्रेमचा काळ ही पद्धत धोट्यासारख्या सरळ चालीला पुरते. उडी, गुरुत्वाकर्षण, टक्कर आली की ती दगा देते. ३० फ्रेमच्या मशीनवर उडीची उंची वेगळी, १४४ च्या मशीनवर वेगळी. आणि एका फ्रेमला १०० मिलिसेकंद लागले तर धोटा एका पावलात ९६ पिक्सेल जातो. वाटेत ४० पिक्सेलची भिंत असली तर ती ओलांडून पलीकडे.

म्हणून अपडेटचा ठोका कायम करा, समजा सेकंदाला ६०, आणि झालेला वेळ एका गल्ल्यात टाकत जा. गल्ल्यात एका ठोक्याएवढा वेळ जमला की एक अपडेट.

```
गल्ला = गल्ला + लहान(फ्रेमला_लागलेला_वेळ, ०.२५ सेकंद)
जोवर गल्ला ≥ ठोका:
    मागची_जागा = आत्ताची_जागा
    अपडेट(ठोका)
    गल्ला = गल्ला − ठोका
प्रमाण = गल्ला ÷ ठोका
चित्र_काढ(मागची_जागा × (१ − प्रमाण) + आत्ताची_जागा × प्रमाण)
```

०.२५ सेकंदांची मर्यादा का? समजा एका अपडेटलाच २० मिलिसेकंद लागतात आणि ठोका १६.६७ चा आहे. प्रत्येक फेरीत फेडायच्यापेक्षा जास्त वेळ जमा होतो, पुढच्या फेरीत आणखी अपडेट करावे लागतात, त्यांना आणखी वेळ लागतो, आणि गेम गोठतो. मर्यादा असेल तर गेम मंद चालेल, पण मरणार नाही. मंद मशीनवर मंद चालणं हे केव्हाही परवडलं.

शेवटची ओळ, म्हणजे दोन जागांमधला प्रमाणशीर बिंदू काढणं, नवखे लोक हमखास गाळतात. 'माझा ठोका ६० चा, पडदाही ६० चा, मग गरज काय?' गरज अशी की दोन्ही ६० नेमके एकाच क्षणी पडत नाहीत. मोजलेला काळ १६.६ आणि १६.८ असा डोलत राहतो, गल्ला कधी अगदी थोडक्यात रिकामा राहतो, कधी दोन ठोके भरतात. एका फ्रेमला शून्य अपडेट, पुढच्या फ्रेमला दोन. एफपीएस ठाम ६०, प्रोसेसर निवांत, आणि धोटा तरी अडखळतो. 'सगळं बरोबर आहे पण तरी खटकतंय' या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

याची किंमत म्हणजे चित्र एका ठोक्याने मागे राहतं. टूडी गेममध्ये ते जाणवत नाही. जाणवतंय असं वाटलं तर ठोका १२० चा करा, अपडेट स्वस्त असेल तर प्रोसेसरवर फार भार येत नाही.

दोन ठिकाणी सांभाळा. वस्तू एका जागेहून दुसऱ्या जागी थेट न्यायची असेल, म्हणजे धोटा उजव्या काठावरून गायब होऊन डावीकडे उगवणार असेल, तर त्या क्षणी मागची_जागा आणि आत्ताची_जागा एकच करा. नाहीतर एका फ्रेमपुरता तो पडद्याच्या मधोमध चमकून जातो. आणि कोनांसाठी ३५९ वरून १ वर जाताना सरळ सरासरी घेऊ नका, वस्तू उलटी गरगर फिरून येते.

पायरी ६: व्हीसिंक असेल तर घड्याळ त्याच्या हाती द्या

पडदा स्वतःच दर १६.६७ मिलिसेकंदांनी नवं चित्र घेतो. व्हीसिंक चालू केला की चित्र पाठवणारं फंक्शन (स्वॅप) पडद्यासाठी आपणच थांबतं. थांबणं अचूक, आणि चिरलेलं चित्र नाही. एसडीएलमध्ये ओपनजीएलसाठी स्वॅप इंटरव्हल १ ठेवा. पायगेम-२ मध्ये सेट_मोडला व्हीसिंक=१ द्यायचं, पण सोबत स्केल्ड किंवा ओपनजीएल फ्लॅग हवा; नुसत्या साध्या खिडकीवर ते लागू होत नाही.

व्हीसिंक चालू असताना वरचा थांबण्याचा कोड बंद ठेवा. दोन्ही एकत्र चालले तर तुमचं ६० आणि पडद्याचं ५९.९४ एकमेकांपासून हळूहळू सरकत जातात. काही सेकंद सगळं सुरळीत, मग झटक्यांची एक माळ, मग पुन्हा सुरळीत. असा ठरावीक अंतराने येणारा झटका दिसला की आधी हेच तपासा.

पण डोळे झाकून व्हीसिंकवर विसंबूही नका. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या सेटिंगमधून तो जबरदस्तीने बंद करता येतो, आणि खिडकी मिनिमाइझ झाली की काही ठिकाणी फंक्शन न थांबताच परततं. मग लूप पुन्हा उघडा, सेकंदाला हजारो फेऱ्या. म्हणून शेवटच्या ३० फ्रेमची सरासरी अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाली, समजा निम्म्याहून कमी, तर पायरी ४ चं थांबणं आपोआप चालू होईल अशी सोय करा. काही ड्रायव्हर स्वॅपमध्ये थांबताना स्वतःच स्पिन करतात; एफपीएस ६० असून एक थ्रेड पूर्ण भरलेला दिसला तर हा संशय घ्या. तेव्हा स्वॅपच्या आधी काही मिलिसेकंद मुद्दाम झोपा, काम आणि राखीव यांना पुरेल एवढा वेळ शिल्लक ठेवून.

आणखी एक गोष्ट गोंधळात टाकते. ड्रायव्हर दोन-तीन फ्रेम आगाऊ रांगेत घेतो, डायरेक्टएक्समध्ये मुळातली मर्यादा ३ आहे. त्यामुळे स्वॅप कधी लगेच परततो, कधी उशिरा, आणि तुमच्या नोंदीत ३, ३०, १७ असे आकडे पडतात. पडद्यावर मात्र चित्र सरळ जातं. हे आकडे जसेच्या तसे गल्ल्यात टाकले तर सरळ चाललेली चाल तुम्हीच वाकडी कराल. व्हीसिंक खात्रीने चालू असेल तर मोजलेला काळ पडद्याच्या काळाच्या एका, दोन किंवा तीन पटीच्या जवळ असेल तेव्हा नेमका त्या पटीवर आणा, आणि उरलेली बाकी पुढच्या फ्रेमच्या खात्यात टाका, म्हणजे एकूण वेळ चुकत नाही.

पडदा ६० चाच असेल हे गृहीत धरू नका. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर ६० फ्रेमचा गेम नीट बसत नाही: एक फ्रेम दोन ठोके दिसते, दुसरी तीन, सरासरी २.४. तिथे ७२ किंवा ४८ ठेवलं तर चाल सरळ होते.

पायरी ७: गरज नसेल तिथे काम करू नका

मेनू उघडा असताना ३० फ्रेम भरपूर झाल्या. पॉजच्या पडद्यावर काहीच हलत नसेल तर एसडीएलच्या वेटइव्हेंटवर थांबा. बटण दाबेपर्यंत प्रोसेसरचा वापर शून्याच्या जवळ राहतो. खिडकी मिनिमाइझ झाली की चित्र काढणं बंदच करा. बुद्धिबळ, सापशिडी, शब्दकोडं असले गेम बदल झाला तरच रंगवायचे, त्यांना सतत ६० फ्रेम हव्यात कशाला?

बॅटरीवर ३० फ्रेमचा पर्याय द्या. लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो, विंडोज वीज वाचवण्याच्या मागे लागतं, आणि ४ मिलिसेकंदांचं काम ७ चं होऊ शकतं. ठोका कायम असल्याने खेळाचा वेग मात्र बदलत नाही, पायरी ५ चा हा एक फायदा.

पायरी ८: उन्हाळ्यात तपासा

हे हसण्यावारी नेऊ नका. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. लॅपटॉपचे बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग उतरवतात. खोली २५ ऐवजी ४० अंशांची असेल तर तेवढ्याच कामाला चिपही साधारण १५ अंशांनी जास्त तापते. एसीच्या लॅबमध्ये पास झालेला गेम घरी पत्र्याखाली अडखळतो, कारण वेग उतरला की ४ मिलिसेकंदांचं काम ८-१० चं होतं.

म्हणून चाचणी दोन मिनिटांत आटोपू नका. अर्धा तास सलग चालवा आणि पहिल्या व शेवटच्या पाच मिनिटांतल्या फ्रेमच्या कामाचा वेळ (थांबणं वगळून) शेजारी-शेजारी ठेवा. दोन्ही सारखे असतील तर ठीक. शेवटचा वाढला असेल आणि मेमरी वाढलेली नसेल, तर उष्णता. उशी-गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपवर हे लवकर घडतं. नवी पेठेतून घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर नक्की चाचणी करा, तुमचे बरेचसे खेळाडू तसल्याच मशीनवर खेळणार आहेत. कामाचा वेळ मुदतीच्या निम्म्याच्या आत, म्हणजे ८ मिलिसेकंदांपर्यंत राहिला तर उन्हाळा निघतो.

मोठा झटका क्वचितच येत असेल तर थांबण्याच्या कोडकडे नाही, कामाकडे बघा. सी-शार्प, जावा, जावास्क्रिप्टमध्ये गार्बेज कलेक्टर, म्हणजे वापरून झालेली मेमरी आपणहून साफ करणारा भाग; लूपच्या आत दर फ्रेमला नव्या यादी-स्ट्रिंग बनवू नका, एकदा बनवून पुन्हा वापरा. गेम सुरू असताना फाईल उघडणं, आवाज पहिल्यांदा वाजवताना तो डिस्कवरून वाचणं, शेडर (ग्राफिक्स कार्डवर चालणारा छोटा प्रोग्रॅम) पहिल्यांदा वापरताना तो कंपाइल होणं, हे सगळं सुरुवातीच्या पडद्यावरच उरका.

तयार इंजिन वापरत असाल तर

युनिटीत व्हीसिंककाउंट शून्य नसेल तर डेस्कटॉपवर टार्गेटफ्रेमरेटकडे दुर्लक्ष होतं. 'आकडा लिहिला पण फरक पडत नाही' याचं उत्तर तेच. फिक्स्डअपडेटचा ठोका मुळात ०.०२ सेकंदांचा, म्हणजे ५० चा आहे. ६० च्या पडद्यावर तो बसत नाही, तेव्हा रिजिडबॉडीवर इंटरपोलेट (पायरी ५ मधला प्रमाणशीर बिंदू) चालू करा. मोबाईलवर काहीच न लिहिता सोडलं तर ३० फ्रेम मिळतात.

गोडोमध्ये फिजिक्सचा ठोका ६० चा आणि एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त ८ ठोके. फिजिक्स इंटरपोलेशन ४.३ पासून टूडीला आणि ४.४ पासून थ्रीडीला मिळालं, पण ते आपणहून चालू नसतं. कोड्यांच्या गेमसाठी लो प्रोसेसर युसेज मोड चालू करा.

रेलिबचं सेटटार्गेटएफपीएस बहुतांश वेळ झोपून शेवटचा थोडा भाग स्पिन करतं, म्हणजे पायरी ४ तिथे तयार आहे. पायगेममध्ये टिक_बिझी_लूप अचूक, पण थ्रेड पूर्ण खातं. व्हीसिंक मिळत असेल तर टिक_बिझी_लूपच्या वाटेला जाऊ नका.

ब्राउझरमध्ये सेटटाइमआउटने लूप फिरवू नका. एकात एक पाच वेळा झाला की तो ४ मिलिसेकंदांखाली जात नाही, आणि टॅब मागे गेला की सेकंदाला एकदा असा रांगतो. रिक्वेस्टअ‍ॅनिमेशनफ्रेम वापरा. पुढची फ्रेम काढायची वेळ झाली की त्यातून ब्राउझर तुमच्या फंक्शनला हाक मारतो. १२० हर्ट्झच्या मोबाईलवर ही हाक बहुधा सेकंदाला १२० वेळा येते, म्हणून 'दर हाकेला १६ पिक्सेल' लिहिलेला धोटा तिथे दुप्पट पळतो. टॅब मागे असताना हाक येतच नाही. परत आल्यावर पहिल्या हाकेला काही मिनिटांचा काळ एकदम हाती पडतो, आणि ०.२५ ची मर्यादा नसेल तर त्या एका फ्रेममध्ये हजारो अपडेट होतात. अँड्रॉइडवर जावा-कोटलिनमध्ये कोरिओग्राफरची हाक धरा, सी++ मध्ये गूगलची फ्रेम पेसिंग लायब्ररी. स्वतः स्लीप-स्पिन करत बसलात तर फोन हातात धरवणार नाही इतका तापतो.